घरट्यापासून लांब राहा: पक्षी छायाचित्र स्पर्धेच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
पक्षी छायाचित्र स्पर्धेचे संयोजक, परीक्षक आणि प्रायोजक यांस,

स.न.वि.वि.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या स्पर्धेची जाहिरात माझ्या फोनवर आली. पाठवणारा माझाच जुना विद्यार्थी. खाली त्यानं लिहिलं होतं, 'गुरुजी, या वेळी तुम्ही भाग घ्याच.' विषय होता पक्षी आणि त्यांची पिल्लं. गट दोन: पाणथळीचे पक्षी आणि शिकारी पक्षी. छायाचित्रं 1 मार्च ते 30 जून या काळातच काढलेली हवीत, जुनी चालणार नाहीत. पहिलं बक्षीस लांब पल्ल्याची लेन्स. निकाल नोव्हेंबरात, पक्षी सप्ताहात.

मी ती दोनदा वाचली आणि त्याच संध्याकाळी जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन केला. समोरचे गृहस्थ सभ्यपणे बोलले. 'आम्ही कुणाला घरट्याजवळ जा असं सांगितलेलं नाही, गुरुजी,' असं म्हणाले. नंतर मी दोन ईमेल लिहिले. एकाला उत्तर आलं: 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' त्याला आता तीन महिने होत आले. स्पर्धा चालू आहे, मुदत तीच आहे, विषय तोच आहे. या तीन महिन्यांत आमच्या काठावर जे घडलं ते मी रोजच्या वहीत लिहून ठेवलंय. ते तुम्हाला एकट्याला कळवून भागत नाही, असं दिसल्यावर हे पत्र सगळ्यांसमोर ठेवतोय. तुमच्या संस्थेचं नाव लिहिलेलं नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि असेच विषय ठेवणाऱ्या इतरांनीही हे स्वतःला लिहिलंय असं समजून वाचावं.

मी उजनीच्या फुगवट्याच्या काठावर राहतो. 1980 साली धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी अडलं आणि आमच्या आजोबांची काळी रानं पाण्याखाली गेली. वरची मुरमाड चार एकर तेवढी राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून मी निवृत्त झालो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेली जमीन वर येते. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, आमच्या बाजूला जुन्या वस्तीतल्या जोत्यांचे दगड दिसू लागतात. त्या ओलीवर आम्ही गाळपेर करतो, कलिंगड, मका, चाऱ्याची पिकं घेतो. नेमक्या त्याच जमिनीवर, त्याच महिन्यांत, शेकाट्या, टिटवी आणि छोटा कंठेरी चिखल्या अंडी घालतात. मधल्या उघड्या बेटांवर नदी सुरय आणि छोटा आर्ली यांच्या वसाहती होतात. त्यातला नदी सुरय आज जगभरात धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

शेतकरी आणि हे पक्षी एकमेकांच्या इतक्या जवळ राहतात की आमच्याकडे टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस जास्त, खोलगट जागी घातली तर कमी. हे खरं की खोटं, याच्यात मी पडत नाही. पण त्यापायी नांगरणारा माणूस अंड्यांजवळ थांबतो, काठी रोवून तिला चिंधी बांधतो आणि तेवढा तुकडा सोडून पुढे जातो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. सगळेच थांबतात असं नाही. ट्रॅक्टरखाली गेलेली अंडीही मी पाहिली आहेत, ते लपवत नाही.

माझ्याकडेही कॅमेरा आहे. चौदा वर्षं मी पक्ष्यांचे फोटो काढतोय. माझ्या शाळेच्या व्हरांड्यात त्यातले बावीस फोटो लावलेले आहेत आणि पोरं त्यावरून पक्षी ओळखायला शिकली. तेव्हा छायाचित्रणाचा विरोधक म्हणून मी बोलत नाही. मला काय सलतंय, ते आधी सांगतो.

8 एप्रिलला कलिंगडाच्या वाफ्यांपलीकडे, पाण्यापासून पंधरा पावलांवर, शेकाट्याच्या जोडीनं पहिलं अंडं घातलं. 11 एप्रिलपर्यंत चार झाली. भोवऱ्यासारखी, निमुळती टोकं आत केलेली, मातकट रंगावर काळे ठिपके. मी बांधावरच्या बाभळीखालून दुर्बिणीनं बघायचो, त्याच्या पुढे जायचो नाही. नर आणि मादी आळीपाळीनं बसायचे. ऊन वाढलं की पाळी बदलताना येणारा पक्षी आधी पाण्यात जायचा, गुडघे मोडून पोट बुडवायचा, पिसं भिजवायचा आणि लांबलचक गुलाबी पाय टाकत टाकत परत येऊन त्या ओल्या पोटानं अंड्यांवर बसायचा. एका दुपारी मी मोजलं. बारा ते दोन या वेळात अकरा वेळा पाण्याला जाणं झालं.

या गोष्टीवर थोडं थांबतो, कारण सगळं हिच्यापाशी येतं. अंडी उबवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊब देणं येतं. थंड मुलखात ते बरोबर आहे. आमच्या एप्रिल-मेच्या दुपारी मात्र पक्षी अंड्यांवर बसतो तो सावली धरायला, अंडी गार ठेवायला. अंड्यातल्या जिवाला चाळीस-एक्केचाळीस अंशांच्या पुढची उष्णता फार वेळ सोसत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला एक तापमापक माझ्याकडे आहे. सकाळी साडेदहाला उघड्या गाळावर ठेवला तर पारा 47 वर गेला होता. म्हणजे पक्षी उठला की अंडी तव्यावर. किती मिनिटं, एवढाच प्रश्न उरतो.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी नऊ वीसला दोन गाड्या आल्या. सात माणसं, सगळे पुण्या-मुंबईकडचे, बोलायला नम्र. रस्ता दाखवणारा पोरगा आमच्याच गावचा. मी तेव्हा मोटार चालू करायला विहिरीवर गेलो होतो. परत येतो तर सातही जण अंड्यांपासून वीस पावलांवर पोटावर झोपलेले, लेन्सा रोखलेल्या. दोन्ही शेकाटे डोक्यावर घिरट्या घालत 'किक् किक् किक्' ओरडत होते. एक जण उतरला की पंख लुळा पाडून चिखलात फरफटत जायचा, जखमी झाल्यागत. तो खाली आला की सातही कॅमेऱ्यांचा कडकडाट. मी हात जोडून सांगितलं, उठा. एक गृहस्थ म्हणाले, 'काका, आम्ही हलतसुद्धा नाही, बघा ना. पक्षी कसा मस्त नाचतोय.' ते उठले दहा वाजून पाच मिनिटांनी. पंचेचाळीस मिनिटं.

त्यांच्यात दुष्ट कुणीच नव्हता. जाताना एकानं माझ्या नातवाला चॉकलेट दिलं. पक्षी बसलेला असताना कसा दिसतो, हे त्यांच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ओरडणारा, फरफटणारा पक्षी हाच त्यांच्या लेखी नेहमीचा पक्षी होता.

ते गेल्यावर पंधरा मिनिटांनी मादी परतली. पोट भिजवून बसली. त्या दिवसापासून पुढे दोघं रोज तसेच बसत राहिले. शेकाट्याची पिल्लं साधारण पंचवीस दिवसांत बाहेर येतात, म्हणजे 6 मेच्या आसपास. 6 मे गेली. 8 गेली, 10 गेली. मे महिन्याच्या त्या उन्हात ते दोघं दिवसभर पाण्याला जात होते, पोट भिजवून येत होते आणि मेलेल्या अंड्यांना गार ठेवत होते. 14 मेच्या सकाळी जोडी अंडी सोडून गेली होती. त्यातलं एक अंडं मी फोडून पाहिलं. आत पिल्लू होतं, चोच आणि पाय झालेले.

आता शिकारी पक्ष्यांचं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ओढा आहे. त्याच्या दरडीच्या एका फळीवजा कपारीत शृंगी घुबडाची जोडी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवते. हे घुबड घरटं बांधत नाही, उघड्या मातीवरच अंडी घालतं. यंदा दोन पिल्लं होती. पुढ्यात घाणेरी आणि बोराटीचं जाळं होतं, त्यामुळे समोरून काही दिसायचं नाही, आणि ती जागा टिकली ती त्याच जाळ्यामुळे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी कुणीतरी कोयत्यानं ते जाळं छाटलं. 'क्लीन बॅकग्राउंड' हवं असतं ना, त्यासाठी. त्या दिवशी किती माणसं आली, ते मला माहीत नाही. मी लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी परतलो तेव्हा एक पिल्लू खाली ओढ्यातल्या दगडांत बसलेलं. उडता येत नव्हतं, महिन्याभराचं असेल. शिकारी पक्ष्यांची पिल्लं मोठी होत आली की घाबरून अशीच वेळेआधी उडी टाकतात. अंधार पडेपर्यंत मी आणि माझा एक विद्यार्थी तिथे कुत्री हाकलत बसलो. वरून आईचा तो घुमणारा 'बू-बोऽ' ऐकू येत होता. आम्ही असेपर्यंत ती खाली येणार नाही म्हणून उठलो. ते बरोबर केलं की चूक, मला आजही ठरवता येत नाही. सकाळी दगडांत पिसं होती आणि वाळूत कुत्र्यांचे पाय.

पुढच्या आठवड्यात त्याच कपारीचा फोटो एका ग्रुपवर फिरला. उरलेलं पिल्लू पंख पंख्यासारखे उभारून, डोळे वटारून कॅमेऱ्याकडे बघतंय. खाली लिहिलेलं: 'पंख पसरून स्वागत'. घुबडाचं पिल्लू पंख असे उभारतं ते स्वतः मोठं दिसावं म्हणून, मरणाच्या भीतीनं. त्याबरोबर ते चोच कटकट वाजवतं, पण फोटोला आवाज नसतो.

परीक्षकांना माझी इथे कळकळीची विनंती आहे. तुमच्यापुढे येणारी छायाचित्रं तुम्ही वाचायला शिका. टिटवी पंख उंचावून अंगावर येते, ते नृत्य म्हणून निवडलं जातं, ती धमकी असते. चिखल्याचं इवलंसं पिल्लू वाळूवर एकटं, मान टाकून चपटं झालेलं, अर्धे डोळे मिटलेलं, त्याला आपण 'निवांत' म्हणतो. ते आईच्या इशाऱ्यावर दगड होऊन पडलेलं असतं. पाणथळीच्या या पक्ष्यांची पिल्लं जन्मल्या दिवशीच घरटं सोडून चालू लागतात, स्वतःचं स्वतः टिपून खातात, आणि धोका दिसला की जागेवर गोठतात. माणूस जितका वेळ तिथे पडून राहतो तितका वेळ ती खात नाहीत, पाण्याला जात नाहीत, आईच्या पंखाखाली शिरू शकत नाहीत. चित्रबलाकाचं पिल्लू चोच वासून बसलेलं दिसतं आणि गळा थरथरताना दिसतो, ते घास मागतंय असं आपल्याला वाटतं. कित्येकदा ते उन्हानं धापा टाकत असतं, कारण पंख उघडून सावली धरणारी आई कुणीतरी जवळ आलं म्हणून उडून गेलेली असते. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत भरते. तिथे भर उन्हात तासभर नुसतं लांबून बसून बघा. आई पंख कसे धरते आणि घशातून पाणी आणून पिल्लांच्या अंगावर कसं सोडते, ते दिसेल. मग दुसऱ्या दिवशी परीक्षणाला बसा.

माझ्या तक्रारी आता ओळीनं मांडतो.

पहिली तक्रार विषयाची. लांबच्या लेन्सनं आणि धीरानं पिल्लांचा चांगला फोटो निघू शकतो, हे मला मान्य आहे. पण स्पर्धा एका माणसाची नसते. विषय जाहीर झाला की शंभर माणसं एकाच वेळी घरटी शोधायला निघतात. त्यातल्या एकाला धीर असतो.

दुसरी मुदतीची, आणि मला ही सगळ्यात जास्त लागलीये. 'याच हंगामातली छायाचित्रं हवीत' ही अट तुम्ही प्रामाणिकपणासाठी घातली असेल. पण तिचा अर्थ असा झाला की ज्याच्याकडे पाच वर्षं वाट पाहून मिळालेला चांगला फोटो आहे, त्याचा उपयोग नाही. त्यानं आत्ताच, विणीच्या ऐन भरात, चार महिन्यांत नवा मिळवायचा. सुट्टी रविवारची. म्हणजे रविवारीच, आणि उजेड चढल्यावर.

तिसरी. तुमच्या अर्जात शटरचा वेग, आयएसओ, लेन्सची लांबी सगळं विचारलंय. पक्ष्यापासून किती अंतरावर होता, किती वेळ थांबलात, पक्षी उठला का, परत कधी बसला, हे एका ओळीनंही विचारलेलं नाही. नियमावलीच्या शेवटी 'निसर्गाला इजा पोहोचवू नये' एवढं वाक्य आहे. त्या वाक्याची तपासणी कशी करणार, ते नाही.

चौथी तक्रार ठिकाणांची. तुमच्या स्पर्धेसाठी म्हणून जो ग्रुप काढला गेला, त्यात नकाशावरच्या खुणा सर्रास टाकल्या जातात. आमच्या ओढ्याची खूण मी स्वतः तिथे पाहिली. पक्षीनोंदींच्या ईबर्डसारख्या ठिकाणीसुद्धा नाजूक प्रजातींची नेमकी जागा लपवतात. आपल्या ग्रुपवर ती मिरवली जाते.

पाचवी. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं, शिकारी पक्ष्यांना पांढरे उंदीर टाकणं, वसाहतीवर ड्रोन नेणं यांबद्दल तुमच्या नियमावलीत एक अक्षर नाही. बेटावरच्या आर्लींवर ड्रोन गेला की वसाहतच्या वसाहत उठते. डोमकावळे तेवढ्याचीच वाट बघत असतात. याहून जास्त मला इथे लिहवत नाही.

फोनवर मला सांगितलं गेलं की 'घरट्याजवळ जा, असं आम्ही म्हटलं नाही.' बरोबर, तसं तुम्ही म्हटलेलं नाही. पण उडता न येणारं पिल्लू घरट्याजवळ नाही तर कुठे असतं? आणि कायद्याचंही ऐका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 याच्या दुसऱ्या कलमात, सोळाव्या पोटकलमात, 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि त्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं, हे त्या व्याख्येत शिकार म्हणूनच धरलेलं आहे. बंदूक लागत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा 2022च्या दुरुस्तीनंतर एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काही प्रजातींसाठी याहून कडक. ब्रिटनमध्ये 1981च्या कायद्यानं ठरावीक पक्ष्यांच्या घरट्याजवळ फोटोसाठी जायचं तर परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडचा शब्द त्याहून स्पष्ट आहे, तो वाचला मात्र जात नाही.

दुसरं उत्तर ऐकायला मिळतं ते असं: जुन्या मोठ्या लोकांनीही घरट्यांचेच फोटो काढले. हेही खरं आहे. सलीम अलींचे स्नेही, पक्षी छायाचित्रकार 'लोक वान थो' यांची घरट्यावरची छायाचित्रं जगभर नावाजली गेली. त्या काळी अशी कामं करणारे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. लपण, म्हणजे आत बसून फोटो काढायचा आडोसा, लांब उभारायचं, पक्ष्यानं ते स्वीकारलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडं पुढे सरकवायचं, अशी रीत होती. पक्ष्यांच्या विणीबद्दल तेव्हा ठाऊक नसलेल्या गोष्टी त्यातून कळल्या. आज शेकाट्याच्या अंड्यांचा आणखी एक फोटो निघाल्यानं नवीन काय कळणार आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

तिसरं उत्तर मी माझ्याच मनाला देत आलोय, ते म्हणजे फोटो पाहूनच लोकांना पक्ष्यांची माया लागते. माझ्या शाळेतली पोरं याला साक्ष आहेत. पण त्या बावीस फोटोंत घरट्यावरचा एकही नाही. रोहित म्हणजे फ्लेमिंगो आहेत, पाण्यावर घसरत उतरणारा चमचा पक्षी आहे, कलिंगडाच्या वाफ्यात म्हाताऱ्या आजीमागे चालणारा बगळा आहे. पोरांना तो बगळाच सगळ्यात जास्त आवडतो.

आमच्या गावच्या पोरांबद्दलही बोललं पाहिजे. नाव चालवणारे, वाट दाखवणारे बरेच जण माझ्या हाताखालून गेलेले आहेत. हिवाळ्यात रोहित असतात तेव्हा त्यांना काम असतं. एप्रिल उजाडला की पर्यटक ओसरतात, नावा काठाला लागतात. अशा वेळी घरटं दाखवायचे हजार-दीड हजार मिळत असतील तर नाही म्हणणं सोपं नाही. त्या रविवारी वाट दाखवणारा पोरगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि खाली मान घालून बसला. मी त्याला रागावलो नाही. त्याची मोटारसायकल हप्त्यावर आहे. दोष देताना या पोरांपासून सुरुवात करू नका.

आपल्याकडे म्हण आहे, टिटवी देखील समुद्र आटवते. ती समुद्रावर उठली ती अंड्यांपायीच. माझ्याकडे समुद्र आटवण्याची ताकद नाही, पण माझ्या मागण्या साध्या आहेत.

या वर्षीचा विषय आजच्या आज मागे घ्या आणि तसं जाहीर करा. आलेल्या प्रवेशिकांचं शुल्क परत करा. विषय बदलून हवा असेल तर उडायला शिकलेली तरणी पिल्लं ठेवा, थवे ठेवा, माणसाच्या शेतात वावरणारे पक्षी ठेवा. जुनी छायाचित्रं चालतील अशी सोय करा.

यापुढे अंडी, घरटं किंवा उडता न येणारं पिल्लू असलेलं कोणतंही छायाचित्र स्पर्धेत, प्रदर्शनात किंवा दिनदर्शिकेत घेणार नाही, असा नियम लेखी करा. देशात काही स्पर्धा असा नियम पाळतात. त्यानं त्यांचं काही अडलेलं नाही.

प्रत्येक प्रवेशिकेबरोबर मूळ फाईल आणि चार ओळींचा वृत्तांत मागा: अंतर, वेळ, पक्ष्याचं वागणं, सोबत किती माणसं. परीक्षकांमध्ये पक्ष्यांची वीण जाणणारा एक अभ्यासक घ्या आणि त्यानं नाही म्हटलं की ते छायाचित्र बाद, मग ते कितीही सुंदर असो. आवाज वाजवणं, आमिष टाकणं, फांद्या छाटणं आणि ड्रोन, हे चारही शब्द लिहून बंदी घाला. ग्रुपवरच्या जागांच्या खुणा काढून टाका.

प्रायोजकांना वेगळी विनंती. त्या एका लेन्सच्या पैशांत आमच्या काठावरच्या दहा पोरांना एप्रिल ते जून घरटी राखण्याचं मानधन देता येईल. बेटांवर नाव लागू नये म्हणून पहारा, कुत्री हाकलणं, आलेल्यांना लांब थांबवून दुर्बिणीतून दाखवणं. घरटं दाखवण्याऐवजी राखल्याचे पैसे मिळाले तर ती ते आनंदानं करतील, मी त्यांच्या वतीनं शब्द देतो. वनविभागाला मी वेगळा अर्ज दिलाय. त्यात विणीच्या महिन्यांत बेटांवर उतरायला मनाई आणि काठावर मराठीत फलक, एवढंच मागितलंय.

आणि छायाचित्रकार मित्रांनो, हे वाचत असाल तर तुमच्याकडे एकच मागणं. पक्षी अंड्यांवरून उठला किंवा पिल्लांपाशी ओरडू लागला, की आलात त्या वाटेनं लगेच मागे फिरा. पुढचा एकही फोटो न काढता. काठावर यायचं तर सकाळी साडेसहाला या, मी बाभळीखाली असतो. दुर्बीण आहे, चहा मिळेल.

ती शेकाट्यांची जोडी गेलेली नाही. जुन्या जागेपासून बरीच लांब त्यांनी पुन्हा माती उकरून बैठक केली आहे. कुठे, ते मी वहीतही लिहिलेलं नाही. आज सकाळी तिसरं अंडं दिसलं. चौथं उद्या-परवा येईल. पिल्लं 20 जूनच्या सुमारास बाहेर पडतील. तुमची मुदत 30 जूनपर्यंत आहे.

कळावे, उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
उजनी फुगवटा काठ, ता. इंदापूर
24 मे